बर्फातली अकरा लग्नं

तिरोड्याच्या आजूबाजूच्या चाळीस गावांत त्या पंधरा वर्षांत ज्याचं लग्न झालं, त्याच्या मांडवात टिकाराम बोपचे होताच. पण सी.डी. लावून शोधाल तर सापडायचा नाही, कारण कॅमेरा त्याच्याच खांद्यावर. सहाशेच्या वर लग्नं त्यानं एक डोळा मिटून पाहिली. घोड्यानं फेकलेला नवरदेव पाहिला, मंगलाष्टकं म्हणता म्हणता पेंगणारा भटजी पाहिला, बिदाईला नवरीपेक्षा मोठ्यानं रडणारा बँडमास्तर पाहिला. आणि एवढं पाहूनही पहिल्या पंगतीला तो जन्मात बसला नाही. त्याचं जेवण सगळ्यांत शेवटी, बँडवाल्यांसोबत, बुंदीचं भांडं खरवडून झाल्यावर.

एकदा कॅमेऱ्यात आलेला माणूस टिकाराम विसरत नसे. बाजारात कुणी पाठमोरा दिसला तरी सांगायचा, "हा मुंडीकोट्याचा. वरातीत पुढं नाचते अन् पंगतीत मागं बसते." पण कोणाच्या घरात काय चाललंय, कोण कोणाशी बोलत नाही, असल्या चौकशा त्यानं कधी केल्या नाहीत. "आपलं काम पाह्याचं आहे, विचाराचं नाही," असं तो मोठ्या ऐटीत म्हणे. पुढं भोवलं ते हेच.

त्याचं दुकान राइस मिलच्या भिंतीला लागून. पाटी होती 'चमेली व्हिडिओ मिक्सिंग'. चमेली म्हणजे त्याची बायको. नवी गिऱ्हाइकं समजत की दुकानाला फुलाचं नाव दिलंय, मग चमेलीबाई काउंटरमागून "काय पाह्यजे?" म्हणून उभी राहिली की त्यांचा गैरसमज दूर होई. आत टेबलाखाली एक कॉम्प्युटर, २००२ साली नागपूरहून जुनाच आणलेला. त्याच्या पोटात टिकाराम लग्नं उतरवून घ्यायचा आणि मग त्यांना नटवायचा. नवरी कमळातून उगवायची, नवरदेव धबधब्याच्या बाजूनं यायचा आणि शेवटी दोघं एका बदामात गरागरा फिरायचे. मिलचा कोंडा दिवसभर दुकानात उडत असे. टिकाराम दर गुरुवारी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळी, पण डबा उघडून आतून पुसावा हे पाच वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नाही. देवाची मूर्ती कोणी खोलून पाहते का?

गोष्ट आहे २००७ च्या मे महिन्याची. ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवी. लग्नसराई आटोपत आलेली आणि टिकारामच्या डब्यात अकरा लग्नं बसलेली. एकाचीही सी.डी. निघालेली नव्हती. तुम्ही म्हणाल, डब्यात होती तर कॅसेटवरही असतील. कशाची असतात! टिकारामजवळ कॅसेटी होत्या सहा. एक लग्न कॉम्प्युटरमध्ये उतरलं की तीच कॅसेट पुसून पुढच्या मांडवात. चमेलीनं दर साली बजावलं होतं, "अजी, निदान सी.डी. निघेपर्यंत तं पुसू नका." आणि यानं दर साली तोऱ्यात उत्तर दिलं होतं, "मंग कॉम्प्युटर कायले घेतला?"

तर त्या सकाळी त्यानं बटण दाबलं. पंखा घुरघुरला, दिवा लागला आणि डब्यातून आवाज यायला लागला. टक. टक. टक. आतून कुणी कडी वाजवतंय असं वाटलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक पांढरी ओळ उमटली. टिकारामला ती नीट वाचता आली नाही, पण ती काही शुभवर्तमान सांगत नाहीये एवढं त्याला कळलं. त्यानं डबा बंद करून चालू केला. दोन थापडा दिल्या. गुरुवार नसताना उदबत्ती लावली. टक. टक. टक.

मग तो बस स्टँडजवळ यादोराव मेश्रामकडे धावला.

यादोराव पंचावन्नचे. मूळचे रेडिओ मेकॅनिक. रेडिओ गेले तसे ते टी.व्ही.वर आले, टी.व्ही. स्वस्त झाले तसे कॉम्प्युटरवर आले, पण पद्धत त्यांनी बदलली नाही. रेडिओ असो, पाण्याची मोटार असो की कॉम्प्युटर, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे.

"जय भीम, यादोरावजी. माझा डबा वाजून राहिला."

"वाजते तोवर जीव आहे," म्हणत यादोराव आले, पेचकस टेकवला, डोळे मिटले. दुकानात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. चमेलीनं सुद्धा तोंड मिटलं होतं, यावरून प्रसंगाचं गांभीर्य समजून घ्या.

"हार्डडिस्क गेली," यादोराव म्हणाले.

"गेली म्हणजे? कुठं गेली?"

"अरे, आत एक ताटली फिरते. ताटलीवर सुई. तुझे सगळे लगन त्या ताटलीवर लिहून आहेत. सुई वाचाले जाऊन राहिली, रस्ता चुकून राहिली अन् वापस येऊन राहिली. वापस आली का टक. पुन्हा गेली, पुन्हा टक. उन्हानं अन् कोंड्यानं जीव गेला बिचारीचा."

टिकारामनं बोटांवर दिवस मोजले. त्यानं सगळ्यांना सात जूनचा शब्द दिला होता, कारण पेरण्या लागल्या की टी.व्ही.पुढं बसायला कोणाला फुरसत आहे? आणि फोटो बिघडला तर पुन्हा काढता येतो, लग्न पुन्हा लावता येत नाही. नवरी म्हणेल का, की थांबा, मी परत रडते? 'टिकारामनं अकरा लग्नं बुडवली' हे एकदा चाळीस गावांत फिरलं की पुढच्या सराईला त्याला कोणी मांडवाच्या खांबाजवळही उभं करणार नव्हतं. पंधरा वर्षांत कमावलेलं एकच होतं, ते म्हणजे नाव.

"सांगून टाका लोकाईले," चमेली म्हणाली. "गेलं म्हणा. मशीनच आहे, मरते."

"तू चूप बस," टिकाराम म्हणाला. हे वाक्य तो वर्षातून एखाद्या वेळी म्हणत असे आणि दर वेळी चुकीच्या वेळी म्हणत असे.

यादोरावांनी डबा आडवा करून झाकण काढलं तर दोन ओंजळी कोंडा निघाला. "यात कोंबड्या पाळून राहिला होता का गा? जा, गोंदियाहून नवी डिस्क आण. जुनी पूर्ण मेली नाही अजून. तिच्यातून जे निघते ते नवीत ओढू."

टिकाराम दुपारच्या पॅसेंजरनं गोंदियाला गेला. गुलाबचंदनं दुकानात डबी त्याच्या हातात देता देता बजावलं, "अस्सी जीबी है भैया. गिराना मत, नहीं तो यहीं बिदाई हो जाएगी." झालं, टिकारामनं ती डबी खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि गाडीनं धक्का दिला की तिच्यावर हात ठेवला. समोरच्या बाईनं विचारलंसुद्धा, "किती दिवसांचं आहे?"

संध्याकाळी दोन्ही डिस्का टेबलावर शेजारी शेजारी. कॉम्प्युटरमध्ये एक चपटी राखाडी पट्टी होती, तिला दोन डिस्का जोडता येत. यादोरावांनी चिमट्यानं डिस्कच्या मागचं एक इवलंसं काळं टोपण उपसलं.

"एका पट्टीवर दोन डिस्का लावल्या का त्याईच्यात मोठा कोण, धाकटा कोण, हे या टोपणानं सांगाव लागते. दोघंही मोठे झाले का एकही बोलत नाही. इंग्रजीत याले मालक अन् गुलाम म्हणते. माझ्या दुकानात ते चालत नाही. इथं मोठा भाऊ, धाकटा भाऊ. नवी मोठी, जुनी धाकटी."

टिकाराम हसला. त्याला काय ठाऊक, पुढच्या पंधरा दिवसांत याच गोष्टीवर त्याला रडायची पाळी येणार होती.

नव्या डिस्कवर विंडोज चढवण्यात दुसऱ्या दिवसाची सकाळ गेली. मग जुनीला हात लावला. पाच-सात मिनिटं ती बरी चालली आणि गरम होताच पुन्हा टक टक. यादोरावांनी पुन्हा कान लावला आणि निदान केलं, "इले ताप आहे. थंडी द्याव लागते. फ्रीज कोणाकडे आहे?"

फ्रीज टिकारामच्याच घरी, दुकानामागं. चमेलीच्या माहेरचा. डिस्क प्लास्टिकच्या थैलीत बांधून बर्फाच्या खणात ठेवायची, दोन तासांनी काढायची, तव्यावर कोमट केलेल्या तांदळात पाच मिनिटं पुरायची म्हणजे वरची ओल तांदूळ ओढून घेतील, आणि लगेच जोडायची. ताप चढेपर्यंत पंधरा मिनिटं मिळत. तेवढ्यात एक लग्न निघे.

"तांदूळ कोणता घेतला?" चमेलीनं विचारलं.

"डब्यातला."

"अजी, तो चिन्नोर आहे! पाहुण्यासाठी ठेवला होता!"

"पाहुणीच आहे ती," टिकाराम डिस्ककडे बोट दाखवून म्हणाला.

आणि यात लोडशेडिंग! तिरोड्याला वीजघर येणार, वीजघर येणार म्हणून तेव्हा गावभर चर्चा होती, आणि गावात वीज मात्र पाहुण्यासारखी यायची. वीज असली तर बर्फ जमे, आणि बर्फ जमला की नेमकी वीज जाई. टिकारामनं भिंतीवर वेळापत्रक लावलं. फ्रीज उघडायला घरच्यांना बंदी. चमेली पाण्याची बाटली घ्यायला गेली की हा आडवा होई, "दार नको उघडू, आत लगन आहेत!"

कोणतं लग्न आधी वाचवायचं हा पेच होता. टिकारामनं भीतीप्रमाणे यादी केली. पहिलं चमेलीच्या भाचीचं, कारण ते गेलं असतं तर याला वारासिवनीचं सासर कायमचं बंद. दुसरं पोलीस जमादाराच्या मुलाचं. तिसरं मुन्नालाल कटरेच्या मुलाचं, कारण मुन्नालाल साधं "रामराम" म्हणाला तरी चार घरांतले कुत्रे भुंकत. असं करत करत सगळ्यांत शेवटी नाव आलं बेरडीपारच्या तुलसीराम रहांगडालेंचं. तुलसीरामभाऊ म्हणजे गरीब गाय. उभ्या आयुष्यात ज्याचा आवाज चढला नाही, त्याचा नंबर अकरावा. जग असंच आहे, आणि टिकारामही त्याच जगातला होता.

तीन दिवस हा दवाखाना चालला. मुन्नालालच्या लग्नातली पंगत, तिच्यात लाल भोपळ्याची भाजी, पडद्यावर आली तेव्हा यादोरावांनी भुकेनं सुस्कारा सोडला, "कोहळ्याची भाजी दिसून राहिली गा. कशी पिवळीधमक!"

"मुन्नालालच्या वाडीतलं कोहळं," टिकाराम म्हणाला. "शेवटच्या पंगतीले कुठं पोचते?"

दहा लग्नं निघाली. अकरावं चालू झालं. हळद आली, मांडव आला, माळ आली, क्रम सोडून बिदाईही आली, आणि वरात व पंगत यायची होती तेवढ्यात डिस्कनं एक लांब करकर आवाज केला आणि गप्प झाली. यादोरावांनी पेचकस टेकवला. बराच वेळ ऐकलं. मग पेचकस खिशात ठेवून ते म्हणाले, "आता टक पण नाही." जुनी डिस्क त्यांनी पट्टीवरून काढली आणि नवीला एकटीला आत नीट कसून झाकण लावलं.

तुलसीरामभाऊंच्या मुलीच्या लग्नात आता वरात नव्हती आणि पंगत नव्हती. वरातीशिवाय लग्न म्हणजे नवरदेव आभाळातून पडला की काय! तेव्हा टिकारामनं डोकं चालवलं. बँड तोच, लाल कोटाचा. मांडववाला तोच. पाहुणेही थोडेफार तेच, कारण या भागातला पोवार समाजाचा माणूस एका सराईत वीस लग्नं जेवतो. मुन्नालालच्या लग्नातली वरात घ्यायची, नवरदेव गाळायचा, घोड्याचे पाय दाखवायचे. पंगतही तिथलीच. आणि खरं वाटावं म्हणून त्यानं वर एक कडी केली. त्या पंगतीत त्याला सेवकराम रहांगडाले दिसला. तुलसीरामभाऊंचा सख्खा धाकटा भाऊ! तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक लग्नात दोघं शेजारी शेजारी बसायचे, टिकारामच्या डोळ्यांत ती जोडी पक्की होती. सेवकराम पत्रावळ पुढं करून वाढप्याला पुन्हा भाजी मागतोय, असा छान जवळून घेतलेला भाग होता. नवरीचा काका नाही जेवणार तर कोण जेवणार? टिकारामनं तो भाग मुद्दाम दोनदा टाकला, एकदा साधा आणि एकदा सावकाश. वर चांदण्या सोडल्या.

"हे बरोबर नाही, जी," चमेली मागून म्हणाली.

"कोणाले कळते!"

सात जूनला अकराही घरी सी.डी. पोचल्या. मुन्नालालनं रस्त्यावरून ओरडून वाहवा केली, कुत्रे भुंकले. टिकाराम चार दिवस छाती काढून फिरला.

पाचव्या दिवशी सकाळी तुलसीरामभाऊ सायकलवरून आले. हातात सी.डी.ची पिशवी. टिकारामच्या मनात मागच्या दारानं पळायचं आलं होतं, पण मागच्या दारात चमेली उभी होती.

"टिकाराम, हे जरा लावून दाखव. पंगतीचं."

त्यानं लावलं. सेवकरामनं पत्रावळ पुढं केली, वाढप्यानं भाजी टाकली. तुलसीरामभाऊ चष्मा सारखा करून पुढं वाकले.

"पुन्हा दाखव."

पुन्हा सेवकरामनं भाजी मागितली.

"अजून एक खेप."

तिसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. टिकारामला काही उमगेना. मग तुलसीरामभाऊ आपणहून बोलले, बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसे अडखळत. "तीन वरसं झाले, टिकाराम. बापाच्या तेरवीले मी वांग्याची भाजी केली होती. सेवक भर पंगतीत म्हणाला, भाजी पाण्यावाणी झाली, बापाच्या तेरवीले तरी वांगे मोजून टाकाचे नोहते. मले लागलं. मी म्हटलं, मंग खाऊ नको माझ्या घरचं. तो उठून गेला, तो गेलाच. काचेवानीले बायकोच्या शेतावर राहते. पोरीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, स्वतः गेलो नाही. तो आला नाही असंच समजून राहिलो होतो मी." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "तं सेवक येऊन गेला. अन् भाजी दोनदा घेतली."

टिकारामला वाटलं, सांगावं, आत्ता सांगावं. त्यानं आधी सी.डी. बाहेर काढली. तेवढ्यात तुलसीरामभाऊ उठले, सी.डी. पिशवीत ठेवली. "त्याच्याकडेच चाललो आता. त्यालेही दाखवतो." आणि सायकलवर टांग टाकून गेलेसुद्धा.

टिकाराम तासभर खुर्चीत बसून राहिला. सेवकराम सी.डी. पाहील आणि म्हणेल, "हा तं मुन्नालालचा मांडव! मी तुझ्या दारात पाय ठेवला नाही अन् ठेवणारही नाही." त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याचं तोंड मग कसं होईल? अकरा लग्नं बुडाली असती तरी परवडलं असतं, असं पहिल्यांदा त्याला मनापासून वाटलं.

"बसून काऊन राहिले?" चमेली कडाडली. "जा ना! आधी पोचा अन् सांगा खरं. डिस्क बदलता येते जी, गावाले दाखवाचं तोंड बदलता येत नाही."

टिकारामनं लुना काढली. अर्ध्या रस्त्यात तिचं पेट्रोल संपलं, कारण असल्या दिवशी ते संपतंच. शेवटचे तीन किलोमीटर त्यानं ती उन्हात ढकलत नेली. काचेवानीच्या टोकाला सेवकरामच्या घराबाहेर तुलसीरामभाऊंची सायकल टेकलेली दिसली आणि आतून बँडचा आवाज आला. त्याच्याच सी.डी.तला. उशीर झाला होता.

तो घामाघूम होऊन दारात उभा राहिला. ओसरीत टी.व्ही. चालू. एका बाजूला खाटेवर सेवकराम, दुसऱ्या बाजूला खुर्चीत तुलसीरामभाऊ, खाली मान घालून. स्वयंपाकघराच्या दारात सेवकरामची बायको सुशिलाबाई. पडद्यावर सेवकराम चांदण्यांच्या पावसात सावकाश पत्रावळ पुढं करत होता.

"अवं माय, हे तं मुन्नालालच्या..." सुशिलाबाई बोलायला लागली.

"चहा ठेव," सेवकराम म्हणाला.

"अजी पण त्या दिवशी तं आपण..."

"साखर जास्त टाक. दादाले गोड लागते."

सुशिलाबाई नवऱ्याकडे पाहत राहिली आणि आत गेली. सेवकरामची नजर दारातल्या टिकारामवर गेली. टिकारामनं तोंड उघडलं. सेवकरामनं डोळ्यानं असा दम दिला, की ते आपोआप मिटलं.

"तू आलता," तुलसीरामभाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले. "मले दिसला नाही."

"मागच्या पंगतीत बसलो. घाई होती."

"भाजी?"

सेवकराम पडद्याकडे बघत राहिला. मग तो खाकरला आणि मोठ्यानं म्हणाला, "चांगली होती. दोनदा घेतली, दिसून तं राहिलं!"

तुलसीरामभाऊंनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. चहा आला, तो पाकासारखा गोड होता आणि सगळ्यांनी बशी भरून प्यायला. टिकारामला तिथं, त्या दारात, हसू आणि रडू एकदमच आलं.

परतताना तो लुना ढकलत होता आणि तुलसीरामभाऊ त्याच्यासोबत सायकल हातात धरून चालत होते. टिकारामला राहवेना. तो थांबला.

"भाऊ, मी पाप केलं. माझी डिस्क जळाली. तुमच्या पोरीची वरात गेली अन् पंगत गेली. ते जे दिसते ते..."

"कोहळं होतं ते," तुलसीरामभाऊ म्हणाले.

"काय?"

"कोहळ्याची भाजी. पिवळी. माझ्या मांडवात वांग्याची होती, टिकाराम. पहाटेपासून मी स्वतः कढईपाशी उभा होतो, पातळ होऊ दिली नाही. मले नाही का समजणार? घरी पहिल्याच वेळी लावली तेव्हाच समजलं."

"मंग दुकानात येऊन तीन-तीनदा कायले पायलं, भाऊ?"

"सेवकले पाहून राहिलो होतो," तुलसीरामभाऊ म्हणाले. "तीन वरसं झाले, त्याचं तोंड पायलं नोहतं." ते दहा पावलं चालले. मग म्हणाले, "बारीक झाला गा तो."

पुढच्या सराईत सेवकरामच्या मुलाचं लग्न लागलं. शूटिंग अर्थात टिकारामकडे. पहिली पंगत बसली, वाढणं झालं, टिकाराम कॅमेरा घेऊन पुढं सरकला आणि तेवढ्यात कधी आवाज न चढवणारे तुलसीरामभाऊ भर पंगतीत गरजले, "सेवक! भाजी पातळ झाली गा!"

सगळ्यांचे हात तोंडाशी थांबले. सुशिलाबाईच्या हातून पळी सुटली. सेवकराम कढई घेऊन तरातरा आला, दादाच्या पत्रावळीवर भाजीचा डोंगर केला आणि दोघं भाऊ असे खो खो हसत सुटले, की बाकीच्यांना कारण न कळताही हसू आवरेना. हसता हसता सेवकरामनं टिकारामचा कॅमेरा काढून बँडवाल्याच्या ढोलावर ठेवला आणि त्याचा दंड धरून त्याला दोघांच्या मधे बसवलं. कॅमेरा चालूच राहिला. त्यात टिकाराम बोपचे पहिल्या पंगतीत बसून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, वांग्याची भाजी खाताना दिसतो. बुंदीही आहे.

त्या कॅसेटवर चमेलीनं जाड अक्षरात लिहून ठेवलं आहे, 'पुसू नये'. तिला विचारल्याशिवाय टिकाराम आता कोणत्याच कॅसेटीला हात लावत नाही.